भायखळ्याचे संग्रहालय पाहताना

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात सर्व दालने एकाच भेटीत संपविण्याचा आग्रह धरू नये. दोन-तीन वस्तू निवडून त्यांच्यापाशी थांबावे.

आरंभ बागेतील काळ्या पाषाणाच्या हत्तीपासून करावा, कारण ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तोच हा हत्ती आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलला जात असताना यारी (क्रेन) तुटली आणि त्याचे तुकडे झाले. पुढे, १९१४ मध्ये, ते पुन्हा जुळविण्यात आले. त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारावी आणि सांधे शोधावेत. माझ्या मते मुंबईत याहून बोलकी कलावस्तू क्वचितच सापडेल, आणि तरीही बहुतेक लोक तिच्याकडे न पाहताच आत जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आत गेल्यावर फलक वाचण्याआधी वस्तू पाहावी. ती कशाची घडविली आहे, कोणासाठी आणि येथे कशी आली, हे तीन प्रश्न वहीत लिहावेत, मगच फलकाकडे वळावे. प्रिन्स अल्बर्टच्या पुतळ्यासमोर हीच रीत वापरली, तर १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या वास्तूचे मूळ नाव ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ होते आणि ज्यांनी तिच्यासाठी खटपट केली, त्या भाऊ दाजींचे नाव तिला १९७५ मध्ये मिळाले, हा धागा आपोआप हाती लागतो. मुंबईकरांच्या वेशभूषा दाखविणाऱ्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींसाठी मात्र वेळ राखून ठेवावा. मुले तेथे सर्वाधिक रमतात.