जुनी इकोस्पोर्ट इकोबूस्ट घेताना इंजिन कसे तपासावे

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले गाड्यांचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून जुन्या बाजारातल्या इकोस्पोर्टकडे लोक जरा बिचकूनच बघतात. डिझेलवाली असेल तर अजून धीर होतो, पण एक लिटरची टर्बो पेट्रोल, म्हणजेच इकोबूस्ट, म्हटली की ओळखीचा मेकॅनिकसुद्धा ‘नको रे बाबा’ म्हणतो. त्याची भीती अगदीच खोटी नाही. तरी नीट सांभाळलेली इकोबूस्ट आजही चालवायला मजेदार आहे. सांभाळलेली कोणती आणि रेटलेली कोणती, हे ओळखायला अर्धा दिवस हाताशी ठेवा. किलोमीटरचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. हे इंजिन ऑइल आणि कूलंटवर जगते किंवा मरते.

आधी इंजिनाची ओळख. तीन सिलिंडर, ९९९ सीसी, बारा व्हॉल्व्ह, डायरेक्ट इंजेक्शन आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा). ताकद १२५ पीएस, टॉर्क १७० न्यूटन मीटर, आणि तो १४०० आरपीएमपासूनच मिळतो. टर्बोचे चाक मिनिटाला २,४८,००० फेऱ्यांपर्यंत फिरू शकते. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेले. इंजिनाचा ब्लॉक ए-४ कागदावर मावतो, अशी फोर्डची तेव्हा जाहिरात होती. इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर हा मान याने २०१२, २०१३ आणि २०१४ असा सलग तीनदा मिळवला. आपल्याकडे ते आले २०१३ च्या इकोस्पोर्टमधून. चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीच्या आतले पेट्रोल इंजिन, म्हणजे छोट्या गाडीची करसवलत मिळाली, आणि टर्बोमुळे ताकदही मोठ्या इंजिनाइतकी.

पायरी १ : हीच ती गाडी का, ते बघा

इकोस्पोर्टमध्ये १.५ लिटरची पेट्रोल इंजिनेही आली, आणि विकणारा सगळ्यांनाच ‘पेट्रोल’ म्हणतो. आरसीवर क्यूबिक कपॅसिटी ९९९ किंवा १००० च्या आसपास असेल तरच ती इकोबूस्ट. शिवाय भारतात इकोबूस्ट फक्त मॅन्युअल गिअरची मिळत होती: आधी पाच गिअरची, २०१८ च्या ‘एस’ मॉडेलला सहा. कुणी ‘इकोबूस्ट ऑटोमॅटिक’ म्हणून गळ्यात मारत असेल तर तिथेच नमस्कार करा.

पायरी २ : गाडीच्या आधी कागद

या इंजिनाचा टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) कोरडा नसतो, तो ऑइलमध्ये बुडून फिरतो. आवाज कमी आणि घर्षण कमी, हा त्यामागचा हिशोब. पण बेल्ट शेवटी रबराचाच. चुकीच्या ग्रेडचे ऑइल, वेळेवर न बदललेले ऑइल किंवा पेट्रोल मिसळून पातळ झालेले ऑइल यांनी तो फुगतो, त्याला चिरा पडतात, त्याचे कण सुटू लागतात. ते कण खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथे) जाऊन ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब उतरतो. मग पहिला बळी टर्बोचा, त्याच्यामागून बेअरिंगांचा. म्हणजे बेल्ट तुटायची वाट न बघताच इंजिन संपू शकते. आणि तुटलाच तर पिस्टन व्हॉल्व्हना भिडतात. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून सर्व्हिसच्या पावत्या मागा, आणि पावतीवरची ऑइलची ओळ वाचा. फोर्डने या इंजिनासाठी ५डब्ल्यू-२० ग्रेडचे, डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी या प्रमाणाचे ऑइल ठरवले होते. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल घाला’ असे सांगून १५डब्ल्यू-४० ओतणारी गॅरेजे गल्लोगल्ली आहेत. पावतीवर तसे दिसले तर भाव पाडून मागायचा नाही, गाडीच सोडायची. नुसते ‘इंजिन ऑइल ४ लिटर’ लिहिलेले असेल तर गॅरेजला फोन करून विचारा. दरवर्षी ऑइल बदललेली लाखभर किलोमीटरची गाडी मी डोळे झाकून घेईन, आणि दोन-दोन वर्षे ऑइल न बदललेली तीस हजारांची गाडी फुकटही नको.

दुसरा प्रश्न: बेल्ट बदललाय का? युरोपातल्या वेळापत्रकात किलोमीटरच्या जोडीने दहा वर्षांची मुदत आहे. म्हणजे २०१३ ते २०१५ च्या गाड्यांची मुदत कमी चालल्या असल्या तरी उलटली. ‘गाडी चाललीच नाही, बेल्ट नवाच आहे’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. रबर आणि ऑइल यांना ते ठाऊक नसते.

हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजचेही नाही. क्रँकच्या पुलीला खाच-चावी नाही, ती नुसती बोल्टच्या दाबावर धरलेली असते. त्यामुळे क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागेवर लॉक करायची खास टूल्स नसतील तर टायमिंग हमखास चुकते. बेल्ट बदलल्याची पावती असली तरी काम कुठे झाले ते विचारा.

पायरी ३ : थंड इंजिन

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, ‘मी येईपर्यंत सेल्फ मारू नका.’ पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागले तर काहीतरी लपवण्यासारखे असू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या.

बोनेट उघडून कूलंटची टाकी बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, कूलंट स्वच्छ हवे. तपकिरी पाणी, वर तरंगणारा तेलाचा तवंग किंवा नळातले साधे पाणी भरलेले दिसले तर पुढे जाऊ नका. मग टॉर्च घेऊन टाकीला येणारे पाइप आणि त्यांचे जोड बारकाईने बघा. सुकलेल्या कूलंटचा पांढरट-केशरी थर म्हणजे गळतीची खूण. युरोपात सुरुवातीच्या इकोबूस्ट गाड्यांचे याच टाकीकडे जाणारे पाइप फुटायचे. कूलंट गेले की छोटे, दाबाखाली काम करणारे हे इंजिन बघता बघता तापते आणि ॲल्युमिनियमचे हेड वाकते किंवा त्याला तडा जातो. ‘एकदा थोडी गरम झाली होती, पण गॅस्केट बदलले’ असे कळले तर हेड कुठे तपासले, दाब देऊन बघितले का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत असेल तर समजून जा.

ऑइलचे झाकण उघडा. आतल्या बाजूला काळा चिकट थर किंवा रबराचे बारीक काळे तुकडे नकोत. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा, बोटावर ऑइल घ्या, वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर गाडी फक्त जवळच्या जवळ चालत असावी. इंजिन पुरते तापतच नाही, आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहते. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर शंका आणखी बळकट.

आता सेल्फ मारा. ऑइलचा लाल दिवा लगेच विझला पाहिजे. तीन सिलिंडरची किंचित थरथर असणारच. या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट नाही, फ्लायव्हील आणि पुली मुद्दाम असंतुलित ठेवून काम भागवले आहे. पण ठेका चुकत असेल, मिसिंग असेल, तर प्लग, कॉइल किंवा व्हॉल्व्हवरचा कार्बन यांपैकी काहीतरी आहे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. त्यामुळे तिथे काजळी जमते. ती काढता येते. एवढ्यासाठी घाबरू नका.

पायरी ४ : स्कॅनर लावा

ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचायच्या सॉकेटला) लागणारा साधा स्कॅनर घेऊन जा. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी०३०० मिसफायर, पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. शेवटचा कोड या इंजिनात सर्वांत वाईट, कारण संशय थेट बेल्टवर जातो. एकही कोड नसेल तर ‘रेडिनेस’, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या (मॉनिटर) पुऱ्या केल्या का, ते बघा. सगळे मॉनिटर अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात.

पायरी ५ : चढावर न्या

सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. पुण्यात असाल तर कात्रजचा घाट पकडा. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून हळूहळू रेस द्या: ओढ एकसारखी वाढायला हवी, मध्येच धपकन पडता कामा नये. हवेचा शिट्टीसारखा बारीक आवाज ठीक. पण फुसफुस किंवा ‘घुर्र’ असा आवाज आला तर टर्बोचे पाइप, इंटरकूलर आणि टर्बो तिन्ही बघावे लागतील. वर पोचल्यावर दोन मिनिटे आयडलला थांबा आणि मग एकदम रेस द्या. मागे उभ्या माणसाला निळसर धूर दिसला तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. पांढरा, गोडसर वासाचा धूर गरम इंजिनातही येत राहिला तर कूलंट जळते आहे.

पायरी ६ : चेंबर उघडून बघा

बाकी सगळे पटले असेल तर व्यवहाराआधी एवढा खर्च करा: चेंबर उतरवून जाळी बघायला सांगा. विकणारा कुरकुरेल, बयाणा द्या, पण बघा. जाळीवर काळे रबर असेल तर बेल्ट आणि जाळी दोन्हीचा खर्च भावातून वजा करा. जाळी जवळपास बंद असेल तर टर्बोवर आणि बेअरिंगांवरही विश्वास ठेवता येत नाही.

ऑइलमध्ये फिरणाऱ्या बेल्टचा प्रश्न फोर्डच्या इतर बाजारातही गाजला. अमेरिकेत २०२३ च्या शेवटी फोर्डने एक लिटरच्या इंजिनाच्या २०१६ ते २०१८ च्या फोकस आणि २०१८ ते २०२२ च्या इकोस्पोर्ट अशा सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या. तिथे तक्रार ऑइल पंपाच्या बेल्टचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) तुटण्याची होती: दाब जाऊन इंजिन बंद पडू शकते, ब्रेकला मिळणारी मदतही जाऊ शकते.

घेतल्यावर

पहिल्याच आठवड्यात ठरलेल्या ग्रेडचे ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून बघायला सांगा. काळे कण तिथेही दिसतात. पुढे वर्षाला एकदा किंवा साडेसात हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायचे. शहरातल्या शहरात फिरत असाल तर त्याहूनही लवकर. महिन्यातून एकदा थंड इंजिनावर कूलंट बघा. सारखे भरावे लागत असेल तर गळती शोधा, नुसते भरत राहू नका. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबून गाडी ओढायची सवय सोडा. अशाने छोट्या टर्बो इंजिनात ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटू शकतो. घाट चढून थांबल्यावर मिनिटभर आयडलला ठेवून मगच किल्ली फिरवा.

या गाड्या ई-२० च्या (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) आधीच्या आहेत, त्यामुळे इंधनाच्या नळ्या आणि सील दर सर्व्हिसला बघायला सांगा. आणि कुणी ‘रीमॅप करून (इंजिनाच्या संगणकाचे सेटिंग बदलून) दीडशे पीएस काढून देतो’ म्हणाला तर बेल्ट नवा असला तरी हात जोडा.