महापुरात या चुका टाळा: भिंतीवरच्या जुन्या खुणेचा भरवसा नको

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर कित्येक जुन्या घरांच्या भिंतींवर 2005 च्या पुराची खूण होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये अनेकांनी तिच्याकडे बघूनच हिशेब मांडला: तेव्हा पाणी सोप्याच्या पायरीला लागून फिरलं, आताही फिरेल. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, 2005 पेक्षा तीन फुटांहून वर. सामान माळ्यावर चढवून खाली निवांत बसलेल्यांना शेवटी बोटीतून काढावं लागलं.

दुसऱ्या गावचा आकडा आपला समजणे

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी. आयर्विनला हेच आकडे 40 आणि 45. मोबाईलवर दर तासाला फूट-इंच येत राहतात आणि शिरोळकडचा माणूस कोल्हापूरचं पाणी दोन इंच उतरलं की सुटकेचा श्वास सोडतो. पण शिरोळ तालुक्यातच नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढं जायला वाटच नसते, पाण्याला फूग येते आणि ते ओढ्या-नाल्यांतून उलटं मळ्यात शिरतं. नदीकडं तोंड करून बसलेल्यांच्या परड्यात मागून पाणी येतं ते असं.

यावर साधा उपाय आहे. आपल्या गावच्या ओढ्याच्या पुलावर किंवा घराच्या कोपऱ्यावर रंगाने इंचाच्या रेघा मारून ठेवा आणि दर तासाला पाणी कुठवर आलं ते लिहा. कोल्हापूरचा आकडा नुसता दिशा सांगतो, तुमच्या उंबऱ्याची वेळ सांगत नाही.

ऊन पडलं म्हणून थांबणे

गावात लख्ख ऊन आणि पाणी मात्र चढतंय, हे इथं नवीन नाही. पाऊस राधानगरी-गगनबावड्याकडं पडतो, मग पंचगंगेला पाणी देणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती भरून वाहतात. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात. म्हणून आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून काही ठरवू नका.

जनावरांसाठी शेवटपर्यंत थांबणे

हे बोलणं सोपं आणि करणं अवघड आहे. दुभती म्हैस दावणीला सोडून कोण जाईल? म्हणूनच जनावरं पहिल्यांदा हलवायची, माणसांच्याही आधी, रस्ता कोरडा असतानाच. पाहुण्यांकडं किंवा छावणीवर, वैरणीसकट. ते जमलं नाही तर निदान दावं सोडा. म्हैस पोहते, पण बांधलेली म्हैस काय करणार?

नदीवरच्या पाणी उपशाच्या मोटारींचंही तसंच. इशारा पातळीच्या आधी काढली तर काढली. वाढत्या पाण्यात मोटार काढायला उतरणं म्हणजे काही हजारांच्या वस्तूसाठी जीव पणाला लावणं.

बोटीत दाटी करणे

8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि दहाहून अधिक जीव गेले. बोट आली की सगळ्यांना पहिल्याच फेरीत जायचं असतं, आणि ते समजण्यासारखंही आहे. तरीही गर्दी दिसली तर थांबा, आणि लाइफ जॅकेट नसेल तर लहानग्यांना चढवू नका. पाण्याखालच्या रस्त्यावर दुचाकी घालणाऱ्यांना तर काय सांगावं! गुडघाभर वाहतं पाणीही माणसाला आणि गाडीला ओढून नेतं, आणि खालचा रस्ता जागेवर आहे की वाहून गेला, ते वरून दिसत नाही.

पाणी उतरल्यावरची घाई

चिखल काढण्याआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, पडकी भिंत. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर लख्ख धुतलेलं असेल तर नुकसान दाखवणार कशाने? चिखलात हात घालताना काठी आधी, कारण घोणस तिथंच दडलेली असते. पायाला जखम असेल तर बूट घाला. पुराच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. विहिरीचं पाणी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय पिऊ नका, प्रमाण आरोग्य सेवकाला विचारा. बुडालेल्या गाडीला किल्ली लावून बघण्याचा मोह आवरा; इंजिनात पाणी असेल तर एकाच फिरवणीत ते कायमचं जाऊ शकतं. घरातला मीटर आणि शेतातला स्टार्टर वायरमन बघून गेल्याशिवाय चालू करू नका, बाहेरून कितीही सुकलेला दिसला तरी.