घरच्या पार्किंगमधे कार लिफ्ट बसवताय? या चुका टाळा

सांगली-मिरज पट्ट्यात आता बंगल्याच्या पार्किंगमधे लिफ्ट बसवणारे वाढलेत आणि मला ते मनापासून आवडतं, स्वतःची गाडी स्वतः खोलणारी पोरं तयार होतायत. पण फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, चार टनाची टू पोस्ट (दोन खांबांची लिफ्ट) कितीला बसंल?" अरे बाबा, तुझ्या फरशीखाली काय आहे ते आधी सांग की. स्लॅब किती उंच आणि खाली जमीन कसली, एवढं कळल्याशिवाय कुठली लिफ्ट घ्यायची ते मी सांगूच शकत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच, पार्किंग टाइल्सवरच टू पोस्ट ठोकणं. टू पोस्टमधे गाडी दोन खांबांच्या मधे आर्मवर, म्हणजे खांबातून निघणाऱ्या लोखंडी हातांवर, लटकते, त्यामुळं दोन्ही खांब आत ओढले जातात आणि बेस प्लेटचे बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर उपसायला बघतात. म्हणजे सगळा भरवसा काँक्रीटवर. बहुतेक मॅन्युअलमधे कमीत कमी ४ इंच जाडीचं, ३००० पीएसआय ताकदीचं काँक्रीट मागितलेलं असतं आणि आपल्याकडं टाइलखाली असतो नुसता कोबा.

विश्रामबागकडच्या एका बंगल्यात मला पावसाळ्यानंतर बोलावलं होतं. इनोव्हा क्रिस्टा वर घेतली की "कट कट" आवाज येतो म्हणे. ओळंबा सोडला तर डावा खांब आत झुकलेला, बेस प्लेटच्या बाहेरच्या कडेखाली जाड पुठ्ठा सहज सरकत होता आणि दोन बोल्टांभोवती टाइलला गोल चिरा गेल्या होत्या. टाइल उचकटली तर खाली अडीच इंचाचा कोबा, त्याखाली भर आणि भरीखाली काळी माती! बोल्टाचं टोक भरीत मोकळंच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, तिच्यावरचा पातळ कोबा कसा टिकणार? आणि याच लिफ्टखाली घरातला कॉलेजचा पोरगा तेल बदलायला उभा राहत होता. बसवून देणारा फोन उचलेना. शेवटी सगळं सोडवलं, काळी माती काढली, मुरूम भरून रॅमरनं ठोकला आणि दोन्ही खांबांखाली मिळून एकच फूटभर जाडीचा पट्टा, आत सळईची जाळी, एम २५ ग्रेडचं काँक्रीट. त्यावर २८ दिवस थांबायचं म्हणजे थांबायचं. आठव्या दिवशी "आता कडक झालंय की" म्हणणाऱ्यांना मी ऐकत नाही, लिफ्टवर एवढा पैसा घालता आणि तीन आठवडे दम निघत नाही का?

माझी सवय सांगतो. लिफ्ट बुक करायच्या आधी खांब येणार तिथं हॅमर ड्रिलनं आरपार भोक पाडायचं, तारेचं टोक वाकवून आत सोडायचं, काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवायचं आणि वर खूण करून मोजायचं. पाच मिनिटांचं काम. साताऱ्याकडं बऱ्याच ठिकाणी मुरूम लवकर लागतो, तिथं पाया सोपा जातो, पण काँक्रीटची जाडी तिथंही मोजायचीच. आणि खाली बेसमेंट असलेल्या स्लॅबवर लिफ्ट बसवायचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका.

उंचीचं गणितही लोक चुकवतात. स्कॉर्पिओ एन सहा फुटाच्या थोडी वरच आहे, ती सहा फूट उचलायची तर बारा फुटाच्या वर जागा पाहिजे, आणि मोजायचं बीमच्या तळापासून, स्लॅबपासून नाही. दहा फुटी पार्किंग असेल तर मिड राइज सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारखी उघडून गाडी अर्ध्या उंचीपर्यंत उचलणारी, घ्या, ब्रेक, टायर, सस्पेन्शन सगळं बसून मस्त होतं. फोर पोस्टला (चार खांबांची) बोल्टांवर एवढा ताण येत नाही, खाली-वर दोन गाड्या लावायला ती चांगली, पण गाडी चाकांवरच उभी असते, चाक काढायचं तर मधे गाडी उचलणारा ब्रिज जॅक वेगळा घ्यावा लागतो हे घेतल्यावर कळतं लोकांना.

टू पोस्टला चार आर्म, म्हणून चार टन म्हणजे एका आर्मला एकच टन, हे लक्षात ठेवा. इंजिन पुढं म्हणून वजनही पुढच्या दोन आर्मवर जास्त.

आता लॉक, म्हणजे गाडी वर अडकवून धरणारे खांबातले खटके. यावर मी भांडतोसुद्धा. गाडी वर गेली, बटण सोडलं, गाडी थांबली, की लगेच खाली घुसतात. त्या वेळी गाडी उभी असते तेलाच्या प्रेशरवर! सील गेलं, पाइप फुटला तर काय? वर घेताना दोन्ही खांबांतून टक टक आवाज आला पाहिजे, मग गाडी थोडी खाली सोडून लॉकवर बसवायची, दोन्ही बाजूला डोळ्यांनी बघायचं, मगच खाली जायचं. उतरवताना आधी थोडी वर घेऊन लॉक सोडवायचे. हा वेळ वाचवायला एका लॉकला कायमची तार बांधून ठेवलेली मी पाहिलीय, आणि जागेवरच कटरनं तोडलीय. स्वस्तात मिळते म्हणून सेकंडहँड घेत असाल तर रंग बघू नका, लॉकचे दात आणि वायर रोप बघा, एक जरी तार तुटलेली दिसली तरी रोप बदलायचा.

घरी सिंगल फेज असेल तर सिंगल फेज मोटरचीच लिफ्ट मागा, तीन एचपीची मोटर सुरू होताना करंट बराच जास्त ओढते, एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नको, वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग. कृष्णाकाठी राहत असाल तर मोटर जमेल तेवढी वर बसवा, २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं हे विसरू नका. लिफ्टऐवजी गाडीखाली उतरायला खड्डा काढू म्हणणाऱ्यांनीही हेच बघावं, शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यातच साचते.

आर्मच्या टोकाचे पॅड गाडीला कुठं लावायचे ते गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. क्रिस्टा चासीवाली, हायक्रॉस मोनोकॉक (वेगळी चासी नसलेली), नाव इनोव्हाच असलं तरी टेकायच्या जागा वेगळ्या.

पहिल्यांदा उचलताना चाकं वीतभर सुटली की थांबा, बंपर धरून गाडी हलवून बघा, डगमगली तर खाली घेऊन आर्म परत लावा. महिन्याभरानं सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं तपासा, आणि पहिला पावसाळा गेला की परत एकदा, त्याच वेळी दोन्ही खांबांना ओळंबाही लावून बघा.