दोघांनी परदेशात फुटबॉल मॅच बघायला जायचंय? मग मॅच ट्रिपच्या मधोमध ठेवा

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवा, मॅच ट्रिपच्या कितव्या दिवशी येणार. बरेच जण ती शेवटी ठेवतात, म्हणजे आधी फिरून घेऊ, मॅच बघू आणि रात्रीच निघू. काही जण पोचल्या दिवशीच मॅच ठेवतात. माझं ठाम मत आहे की दोन्ही नको. पोचल्या दिवशी ठेवली आणि फ्लाइट लेट झाली किंवा कनेक्शन चुकलं, की ज्यासाठी एवढा खटाटोप केला तीच गोष्ट हातची गेली. शेवटच्या दिवशी ठेवली तर सगळा वेळ एक डोळा मैदानावर आणि एक घड्याळावर. मॅचच्या आधी किमान दोन रात्री आणि नंतर किमान एक रात्र त्याच शहरात, एवढं धरूनच पुढचं सगळं आखा.

२०२४ ची कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकी देशांची मोठी स्पर्धा) फायनल आठवा, मायामीची, अर्जेंटिना विरुद्ध कोलंबिया. गेटवर तिकीट नसलेल्यांची एवढी गर्दी झाली की मॅच तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाली, वर हाफ टाइमला शो होता, आणि ९० मिनिटांत गोल नाही म्हणून एक्स्ट्रा टाइम, लाउतारो मार्तिनेसचा गोल आला ११२ व्या मिनिटाला. त्या रात्रीची फ्लाइट ज्यांनी काढली असेल त्यांचं काय झालं असेल विचार करा. नॉकआउट मॅच (हरला तो स्पर्धेबाहेर) असेल तर ३० मिनिटं एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी धरूनच चाला.

आता मॅच कुठली निवडायची. वर्ल्ड कप किंवा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) म्हणजे वातावरण जबरदस्त, पण तिकीट मिळणं अवघड, हॉटेलं महाग, आणि नॉकआउटचं तिकीट काढताना समोर कुठल्या टीम येणार हेच माहीत नसतं. पहिल्यांदाच दोघं जात असाल तर मी म्हणेन क्वालिफायर (मोठ्या स्पर्धेत जागा मिळवायची मॅच) किंवा नेशन्स लीगची (देशांच्या टीममधली वेगळी स्पर्धा) मॅच बघा. पुरुषांच्या नॅशनल टीमच्या मॅचेस फिफाच्या ठरलेल्या विंडोमधे, म्हणजे ठरावीक तारखांच्या काळात असतात, मार्च, जून, नोव्हेंबर, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ज्या दोन वेगळ्या विंडो असायच्या त्या २०२६ पासून एकत्र करून एकच मोठी केलीय, म्हणजे सुट्टी कधी टाकायची हे बरंच आधी कळतं. फ्रेंडली मॅचचं तिकीट सोपं मिळतं पण कोच भरपूर बदल करतो, ज्या प्लेयरसाठी गेलात तो बेंचवर बसलेला दिसू शकतो.

आणि महिलांच्या मॅचेसचा विचार जरूर करा, मनापासून सांगतेय. २०२२ च्या महिला युरो फायनलला लंडनच्या वेम्बली स्टेडियममधे ८७,१९२ लोक होते, म्हणजे गर्दी आणि माहोल दोन्ही आहे, आणि तिकिटं तुलनेनं आवाक्यात असतात. दोघांपैकी एकाला मोठ्या गर्दीची धास्ती वाटत असेल तर पहिली मॅच हीच असू दे.

तिकिटाचं बघू. जी टीम होम खेळतेय त्या देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या साइटवर अकाउंट उघडा, मोठी स्पर्धा असेल तर फिफा किंवा युएफाच्या (युरोपची फुटबॉल संघटना) साइटवर. हे तिकिटविक्री सुरू व्हायच्या बरंच आधी करून ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी आधी सपोर्टर्स क्लबच्या मेंबरना तिकिटं जातात, मग उरलेली सगळ्यांना, आणि मोठ्या स्पर्धेत लॉटरी असते. इथे जोडीनं एक गोष्ट पाळायची, दोघांनी वेगवेगळा अर्ज टाकून चान्स दुप्पट होईल असं करायला जाल तर एकाला लागतं एकाला नाही, किंवा दोघांना लागून सीट मैदानाच्या दोन टोकांना येतात. एकाच ऑर्डरमधे दोन तिकिटं मागा आणि दोन्ही सीट शेजारी मिळणार का हे नियमांत वाचून घ्या. नाही मिळाली तर ऑफिशियल रिसेलवर रोज नजर ठेवा, लोकांचे प्लॅन बदलतात, मॅचच्या आदल्या आठवड्यातही सीट सुटतात, फक्त तिथे सुट्या सीट जास्त असतात म्हणून जोडीला थोडा जास्त धीर धरावा लागतो. सोशल मीडियावरच्या अनोळखी माणसाकडून घेऊ नका, स्क्रीनशॉट पाठवून पैसे घेतात आणि गेटवर तो कोड चालत नाही.

सीट कुठली घ्यावी यावर बरेच वाद होतात, माझं सरळ मत असं की पहिल्या वेळेला गोलमागे नको. तिथे कट्टर सपोर्टर असतात, अख्खी मॅच उभं राहून बघतात, दोघांपैकी जो बुटका असेल त्याला समोरच्याची पाठ दिसते. लांब बाजूला, वरच्या टियरमधे, मधल्या रेषेच्या आसपास मिळाली तर घ्या, प्लेयर लहान दिसतील पण अख्खी टीम कशी सरकते, बॉल नसलेला माणूस कुठे पळतोय, हे सगळं तिथून दिसतं आणि टीव्हीवर नेमकं हेच दिसत नाही. आणि होम टीमच्या स्टँडमधे दुसऱ्या टीमची जर्सी घालून जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी आत सोडत नाहीत किंवा उठवून बाहेर काढतात.

फ्लाइट आणि हॉटेल, तिकीट हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच बुक करा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. मॅचची तारीख ठरलेली असते पण किक-ऑफची वेळ आणि कधी कधी शहरसुद्धा नंतर ठरतं.

व्हिसा लागत असेल तर लवकर हलवा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो, निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात पण काही केसेसमधे ४५ पर्यंत जातात, त्यामुळे शेवटच्या महिन्यावर टाकू नका. प्रवासाच्या इन्शुरन्समधे निदान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं आणि पासपोर्ट परत निघायच्या तारखेनंतर ३ महिने चालणारा हवा. दोघांचे अर्ज एकत्रच द्या, आणि लग्नानंतर एकाच्या पासपोर्टवर जुनं आडनाव असेल तर मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी जवळ असू द्या. मॅचच्या तिकिटावरही पासपोर्टवरचंच नाव टाका. लोक एक गोष्ट गृहीत धरतात की मॅचचं तिकीट आहे म्हणजे देशात सोडतील. २०१८ ला रशियात फॅन आयडीवर आणि २०२२ ला कतारमधे हय्या कार्डवर तसं होतं खरं, पण ते त्या त्या वर्ल्ड कपपुरतं. एकाच स्पर्धेत देश बदलत असेल तर तेही बघा, २०२६ चा वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको अशा तीन देशांत दिला होता आणि तिन्हींचे प्रवेशाचे नियम वेगळे. २०२८ च्या युरोत कार्डिफ, ग्लासगो, लंडन एका देशाच्या नियमात येतात पण डब्लिन आयर्लंडमधे आहे, तिथे जायचं असेल तर आयर्लंडचे नियम वेगळे वाचावे लागतील.

राहायची जागा स्टेडियमला चिकटून घेऊ नका. बरीच मोठी स्टेडियमं शहराच्या कडेला असतात, मॅच नसेल त्या दिवशी आजूबाजूला फारसं काही नसतं आणि जो जोडीदार मॅचसाठी नाही तर फिरण्यासाठी आलाय त्याचे बाकीचे दिवस वाया जातात. त्यापेक्षा शहरात राहा पण स्टेडियमला जाणाऱ्या थेट लाइनवर. म्युनिकमधे मारियनप्लात्झजवळ राहिलात तर यू-६ मेट्रो सरळ फ्रोटमानिंगला नेते, तिथून स्टेडियम चालत. पॅरिसचं स्टाद द फ्रान्स तर शहराच्या हद्दीबाहेर सॅं-डेनीमधे आहे, आरईआर बी किंवा डी लाइन पकडायची. तिकिटात लोकल प्रवास धरलाय का तेही बघा, युरो २०२४ ला जर्मनीत मॅचच्या तिकिटावर ३६ तास शहरातली बस-मेट्रो फुकट होती.

आता ज्याला फुटबॉलमधे फारसा रस नाही त्याच्याबद्दल, कारण ट्रिप खरी इथे जमते किंवा बिघडते. त्याला नियमांचा क्लास घेऊ नका. जायच्या आधी त्याच टीमच्या एक-दोन मॅचेस घरी एकत्र बघा आणि त्याला एकच प्लेयर निवडायला सांगा, कुठलाही, केस आवडले म्हणून निवडला तरी चालेल. मग स्टेडियममधे नजर ठेवायला एक माणूस मिळतो, तो पळाला, पडला, चिडला की आपोआप मॅचमधे जीव गुंततो. ऑफसाइड तेवढं समजावून ठेवा, कारण स्टेडियममधे गोल झाला म्हणून सगळे उड्या मारतात आणि मग व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी) चेक चालू होतो आणि कॉमेंट्री नसल्यामुळे काय चाललंय ते कळत नाही. बदल्यात फुटबॉलवेड्यानं मॅचच्या आदल्या दिवसाचा आणि नंतरच्या दिवसाचा प्लॅन पूर्णपणे दुसऱ्यावर सोडायचा आणि तक्रार न करता जायचं, मग ते म्युझियम असो की सहा तास बाजारात फिरणं.

मॅचच्या दिवशी निघण्याआधी दोन्ही फोन फुल चार्ज. तिकिटं हल्ली मोबाइलवरच असतात, दोन्ही एकाच्या फोनमधे ठेवू नका, दुसरं तिकीट ॲपमधून दुसऱ्याच्या फोनवर ट्रान्सफर करा, तेही हॉटेलच्या वायफायवर, गेटसमोर नाही. काही ॲपमधे क्यूआर कोड स्टेडियमजवळ गेल्यावर ब्लूटूथ चालू असेल तरच दिसतो, लोक ब्लूटूथ बंद ठेवून रांगेत घाबरेघुबरे होतात. टर्नस्टाइलमधून (फिरत्या दांड्यांचं गेट) एका वेळी एकच माणूस जातो, फोन खाली धरायचा, हिरवा दिवा लागला की ढकलायचं आणि मागे वळून थांबायला जागा नसते, त्यामुळे जो आधी आत जाईल त्यानं पुढे जाऊन भिंतीशी थांबायचं. हजारो लोक एकदम फोन वापरतात म्हणून आत नेटवर्क रेंगाळतं, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा, एखादा गेट नंबर किंवा पुतळा, आणि सीट नंबर दोघांनाही पाठ हवा.

बॅग शक्यतो नकोच. युरोपात बऱ्याच स्टेडियममधे ए-४ कागदाएवढीच बॅग चालते, अमेरिकेत बरीच स्टेडियमं फक्त पारदर्शक बॅग आत घेतात. बिअरचं वेगळंच असतं, इंग्लंडमधे १९८५ च्या कायद्यानं मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे, म्हणजे ग्लास घेऊन सीटवर जाता येत नाही. कतारला तर वर्ल्ड कप सुरू व्हायच्या दोन दिवस आधी स्टेडियमजवळची बिअर विक्री बंद केली होती, त्यामुळे नियम आदल्या दिवशी पुन्हा एकदा वाचा.

राष्ट्रगीताच्या आधी सीटवर असाच, हे मी अगदी कळकळीनं सांगतेय. क्लबच्या मॅचला हे सहसा नसतं. अनोळखी भाषेतलं गाणं, अख्खा स्टँड उभा राहून गातोय, शेजारचे आजोबा डोळे मिटून गातायत, आणि तुमच्या पार्टनरनं न बोलता तुमचा हात धरलाय. ज्याला फुटबॉलचं काही नाही तोही इथे हलतो. किक-ऑफला बरोब्बर पोचणारे हे चुकवतात.

मॅच संपल्यावर पळू नका. वेम्बलीत शिट्टी वाजली की अर्धं स्टेडियम ऑलिम्पिक वेवरून वेम्बली पार्क स्टेशनकडे निघतं आणि गर्दी टप्प्याटप्प्यानं थांबवून सोडतात, त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा अर्धा तास सीटवर बसा, प्लेयर फेरी मारून हात करतात ते बघा, फोटो काढा, रिकामं होत जाणारं स्टेडियम बघायला छान वाटतं. अवे स्टँडमधे (पाहुण्या टीमच्या सपोर्टर्सची जागा) असाल तर तसंही कधी कधी मुद्दाम थांबवून ठेवतात. परतीची शेवटची ट्रेन कधी आहे ते मात्र आधी बघून ठेवा.

आणि तुमची टीम हरली तर दुसऱ्यानं "अरे गेमच आहे" असं म्हणू नये, निदान त्या रात्री तरी नाही. सोबत चाला, काहीतरी गरम खायला बघा, ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अलार्म नको, पण प्लॅन दुसऱ्याचाच आहे, तेव्हा दहा-अकरापर्यंत निघा.