दातातली मज्जा जिवंत ठेवण्यासाठी काय करावे

दात दुखू लागला की आता तो काढावा लागणार किंवा रूट कॅनाल करावे लागणार, असे अनेकजण मनाशी धरून बसतात आणि त्या धास्तीनेच दंतवैद्याकडे जाणे पुढे ढकलतात. वास्तविक दुखणे कोणत्या टप्प्यावर आहे हे वेळीच ओळखले, तर दाताच्या आतील मज्जेला बरे होण्याची चांगली संधी असते.

दंतमज्जा म्हणजे दाताच्या पोकळीतील मऊ, जिवंत भाग. तिच्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात, आणि तिच्या कडेला डेंटिन (दाताच्या वरच्या कठीण आवरणाखालचा थर) तयार करणाऱ्या पेशी असतात. कीड डेंटिनमधील सूक्ष्म नलिकांतून आत सरकू लागली की या पेशी आतल्या बाजूने नवे डेंटिन रचू लागतात. त्या मेल्या, तरी मज्जेतील मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांपासून नव्या पेशी बनतात) त्यांची जागा घेऊ शकतात. डेंटिनमध्येच साठलेली वाढीला चालना देणारी प्रथिने या कामी त्यांना मदत करतात. अडचण एवढीच की मज्जेच्या चारही बाजूंना कठीण भिंत असल्यामुळे सूज आली तरी तिला पसरायला जागा मिळत नाही. दाब वाढतो, त्या जागेचा रक्तपुरवठा मंदावतो आणि जंतू आत येतच राहिले तर मज्जेचा तेवढा भाग मरतो. दाह सहसा सगळ्या मज्जेत एकदम पसरत नाही. वरचा भाग सडलेला असताना मुळांतील मज्जा निरोगी असू शकते, आणि आजच्या उपचारांचा भर याच गोष्टीवर आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे दुखण्याचे नीट निरीक्षण करणे. थंड किंवा गोड लागल्यावर सणक येते आणि ते दूर होताच एक-दोन सेकंदांत थांबते, तर दाह बहुधा परतवता येण्याजोगा असतो. थंड पाणी गिळून झाल्यावरही अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक काळ ठणका राहतो, गरम पदार्थाने तो वाढतो, कारण नसताना दात दुखू लागतो किंवा रात्री आडवे झाल्यावर झोप मोडते, तर दाह खोलवर गेल्याची ही चिन्हे आहेत. दुखणे कशाने सुरू होते, किती वेळ टिकते आणि कशाने थांबते हे लिहून ठेवावे. निदानात ही टिपणे फार उपयोगी पडतात. खूप ठणकणारा दात एकाएकी शांत झाला, तर तो बरा झाला असे समजू नये, कारण मज्जा मेल्यानेही वेदना थांबते.

घरी करण्यासारखे फारसे नाही. त्या बाजूने चावणे टाळावे, अतिथंड आणि अतिगरम पदार्थ वर्ज्य करावेत, आणि मूत्रपिंडाचा किंवा पोटातील व्रणाचा त्रास, गर्भारपण किंवा चालू असलेली अन्य औषधे यांचा विचार करून डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक घ्यावे. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये. तिने हिरडी भाजते. प्रतिजैविके मज्जेच्या दाहाची वेदना कमी करत नाहीत, त्यामुळे ती मनाने घेऊ नयेत. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास त्रास यांपैकी काही दिसले, तर एक दिवसही न थांबता उपचार घ्यावेत.

दंतवैद्य थंड पदार्थाने दात तपासतात, ठोकून पाहतात आणि एक्स-रे काढतात. या टप्प्यावर ‘मज्जा जिवंत ठेवता येईल का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. कीड खोल असली तरी मज्जेजवळचा मऊ थर मुद्दाम तसाच ठेवून वरून पक्के फिलिंग करता येते, म्हणजे मज्जा उघडी पडत नाही. मज्जा उघडी पडलीच, तर तिच्यावर कॅल्शियम सिलिकेटचे सिमेंट लावतात, किंवा वरचा सुजलेला भाग काढून मुळांतील मज्जा राखतात. उरलेल्या मज्जेचा रक्तस्राव काही मिनिटांत थांबतो की नाही, यावरून तिच्या प्रकृतीचा अंदाज घेतला जातो. मूळ पूर्ण न झालेल्या कोवळ्या दातांत हा प्रयत्न विशेष मोलाचा आहे, कारण मज्जा जगली तरच मुळाची वाढ पूर्ण होते. मात्र मज्जा मेलेली असेल, तर रूट कॅनाल हाच दात राखण्याचा नेहमीचा उपाय असतो.

या सगळ्यात औषधापेक्षाही महत्त्वाचे आहे ते जंतूंना आत येऊ न देणारे घट्ट झाकण. 1965 साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दाढांची मज्जा उघडी करून पाहिली. जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांमध्ये, दात उघडे असूनही, मज्जेवर नव्या डेंटिनचा पूल तयार झाला; नेहमीच्या उंदरांमध्ये मज्जा सडली. म्हणूनच तात्पुरते फिलिंग दुखत नाही म्हणून महिनोन्‌महिने तसेच ठेवणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. कायमचे फिलिंग सांगितलेल्या मुदतीत करून घ्यावे. त्यानंतर काही दिवस थंड लागल्यास सौम्य सणक येणे स्वाभाविक आहे. ती दिवसेंदिवस कमी व्हायला हवी. ती वाढू लागली, तर लगेच दाखवावे. वेदना नसली तरी सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासणी व एक्स-रे चुकवू नये, कारण मज्जा कधीकधी काहीही न दुखता मरते आणि ते बहुधा एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी दिसणाऱ्या काळसर छायेवरून कळते.