रताळ्याचं ठरावीक वाण हवंय? बाजारात या चुका टाळा

पश्चिम बेळगाव, खानापूर, चंदगड या लाल मातीच्या पट्ट्यात पावसाळी रताळी भरपूर होतात. हंगामात बेळगावच्या बाजार समितीतून ट्रकच्या ट्रक बाहेर जातात. तरी इथल्या आठवडी बाजारात जाऊन ‘भू सोना वाणाचं आहे का हो?’ असं विचारलंत, तर विकणारी मावशी तुमच्या तोंडाकडे बघत राहील. बाजारात रताळ्याला वाणाचं नाव नसतं. लाल, पांढरं, गावरान, बेळगावचं, एवढ्यावर व्यवहार होतो. तेव्हा नाव घेऊन नव्हे, कशासाठी हवंय ते ठरवून जा.

साल लाल म्हणजे आत केशरी, हा नेहमीचा गैरसमज. लाल सालीच्या आत बहुतेक वेळा पांढरा नाहीतर पिवळसर गर निघतो. शेंड्याला नख मारून बघा, नाहीतर सरळ एक कापून मागा. केशरी गर म्हणजे जास्त गोड, हेही खरं नाही. तो रंग कॅरोटीनचा. गोडी येते ती मंद आचेवर रताळ्यातल्या स्टार्चची साखर होते तेव्हा. केशरी रताळी बहुधा मऊ, ओलसर असतात, त्यांचा उपवासाचा कीस गोळा होतो. किसासाठी पांढरंच बरं, असं माझं मत.

जांभळं रताळं समजून कोनफळ घरी आणणारेही पुष्कळ. मुंबई, पालघरकडे थंडीत ते सर्रास मिळतं. त्याची साल खरखरीत, केसाळ, आणि कापलं की हाताला बुळबुळीत लागतं. रताळं कापलं की पांढरा चीक येतो.

हा चीक आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती फार कमी जण बघतात. कापलेला भाग वाळून पांढराच राहिला तर रताळं तयार आहे. हिरवट-काळा पडला तर कोवळं काढलंय. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी यांच्या तोंडावर भाव चढतो आणि घाईत काढलेला माल हमखास येतो. आषाढीला तर या पट्ट्यातलं पावसाळी पीक नुकतंच लावलेलं असतं. तेव्हा ‘बेळगावचं ताजं’ म्हणून कुणी देत असेल तर जरा चौकशी करा. सण टाळून दोन दिवस आधी घ्या.

धुऊन चकचकीत केलेल्यापेक्षा माती लागलेली जास्त टिकतात. घरी फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने गर आतून कडक होतो आणि शिजता शिजत नाही.

आता लागवडीसाठी वाण हवं असणाऱ्यांसाठी. कृषी सेवा केंद्रात रताळ्याचं ‘बी’ मागू नका. लागवड वेलाच्या तुकड्यांनी होते. बियांपासून वाढवलं तर मूळ वाण जसंच्या तसं मिळत नाही. ‘कोकण अश्विनी’ दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं. केशरी भू सोना आणि जांभळं भू कृष्णा हवं असेल, तर केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेकडे विचारा. ती तिरुवनंतपुरमला आहे, भुवनेश्वरला तिचं प्रादेशिक केंद्र आहे.

तेवढी धावपळ नको असेल, तर बाजारात पसंत पडलेलं रताळंच ओलसर मातीत पुरा. फुटवे येतील ते त्याच वाणाचे. मात्र ६० × २० सेंमीवर लावायचं तर एकरी ३३ ते ३४ हजार तुकडे लागतात. दोन-चार रताळ्यांवर जूनमध्ये सुरुवात केलीत तर यंदाचं रान होणार नाही, बेणं उन्हाळ्यातच वाढवायला घ्या.

तुकडे २० ते ३० सेंमीचे आणि वेलाच्या शेंड्याकडचे घ्या. बुडख्याकडच्या जुन्या वेलात रताळी पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याची अंडी, अळ्या असू शकतात, आणि शेजाऱ्याकडून फुकट मिळालेल्या बेण्याबरोबर कीडही शेतात येते. बाजारातून आणलेल्या रताळ्यावर बारीक भोकं दिसली तर ते पुरू नका. खाऊही नका. भुंग्याने पोखरलेलं रताळं कडू होतं, आणि तो कडूपणा उकडून जात नाही.