सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही? या चुका टाळा

सेल्फ जोरात फिरत असेल तर बॅटरीच्या मागे लागू नका. चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' झालं किंवा सेल्फ रडत रडत फिरला, तर बॅटरी बघा. दणदणीत फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर बहुतेक वेळा एकतर पेट्रोल पोचत नाही किंवा प्लगला करंट नाही. तरीही दर आठवड्याला कुणीतरी शेजाऱ्याच्या गाडीला केबल जोडून उभा दिसतोच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दुसरी खोड म्हणजे सेल्फ मारतच राहणं. चौथ्यांदा सुरू झाली नाही ती चौदाव्यांदा का होईल? एका दमात दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नये, मधे निदान अर्धा मिनिट थांबावं. ती मोटर शंभराच्या वर अँपिअर ओढते आणि तापते. चांगली बॅटरी उतरवून बसलात की एकाचे दोन बिघाड.

माझी सवय सांगतो. गाणी बंद, एसीचा पंखा बंद, दारं लावलेली. चावी फक्त ऑन करायची आणि कान मागच्या सीटकडे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत दोन-तीन सेकंद बारीक घुंईऽऽ ऐकू येते. तो टाकीतला पंप. आवाज नसेल तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले, म्हणजे पंपाला करंट सोडणारा छोटा स्विच, बघायचा. मग डॅशबोर्ड. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही, घरातली दुसरी चावी आणा. चेक इंजिनचा दिवा चावी ऑन केल्यावर पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर बहुधा ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सप्लायच नाही, मग प्लग खोलून काय उपयोग?

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार: सीएनजी गाडीत पेट्रोल न भरणं. गॅससाठी तासभर रांगेत उभे राहणारे लोक पाचशेचं पेट्रोल टाकताना हात आखडतात. "गाडी गॅसवरच चालते ना!" चालते, पण बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि इंजिन जरा गरम झालं की गॅसवर जातात. शिवाय टाकीतला पंप गार राहतो तो त्याच पेट्रोलमुळे. टाकी कोरडी ठेवली की तो जळतो.

वाकडच्या एका सोसायटीतले काका असेच. काटा कायम शेवटच्या काडीवर. एका सकाळी गाडी सुरू होईना. पहिल्याने नवी बॅटरी विकली, दुसऱ्याने प्लग बदलले, तिसरा म्हणाला ईसीयू गेला. मी पोचलो तेव्हा काका टो करणाऱ्याशी घासाघीस करत होते. चावी ऑन केली, मागे शांतता. फ्यूज शाबूत, रिले ठीक, पंपाच्या कनेक्टरपर्यंत सप्लाय येतोय. सीट उचलून पंप बाहेर काढला तर जाळीवर चिकट गाळ बसलेला, मोटर जाम. जुनं पेट्रोल तळाशी साचून राहिलं की असंच होतं. पंप बदलला, गाडी लगेच सुरू. बॅटरी परत घ्यायला तो दुकानदार तयार झाला नाही, हे सांगायला नकोच.

माझा नियम असा: टाकी पाव भरलेली हवी आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवायची. बऱ्याच किटमध्ये अडचणीच्या वेळी थेट गॅसवर सुरू करायची सोय असते. ती पुस्तिकेत आजच वाचून ठेवा. मात्र ती रोजची सवय करू नका.

पार्किंगमध्ये थंड गाडी चार हात हलवून लगेच बंद केली होती का? मग प्लग ओले झाले असतील. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या तेव्हा पेट्रोल बंद करतात आणि आतलं जादाचं निघून जातं.

गरम झाली की बंद आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू, असं होत असेल तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या. "आता ठीक झाली" म्हणून तशीच घाटात घालू नका.

सेल्फचा आवाज नेहमीचे ठोके न पडता सपाट, हलका आणि भलताच वेगात आला तर टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनच्या तालात ठेवणारा पट्टा, तुटला असेल. तिथेच थांबा, नाहीतर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

धक्का मारू नका. सेल्फ फिरतोय, मग धक्क्याने वेगळं काय होणार? कच्चं पेट्रोल मात्र सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जातं आणि तो खराब होतो.

डिझेल गाडी पूर्ण रिकामी करून बंद पाडलीत तर नुसतं डिझेल ओतून भागत नाही. आत शिरलेली हवा काढावी लागते; फिल्टरवर हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबायचा.

पावसात पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचाच नाही, ती उचलूनच न्यायची.

आणि मेकॅनिकला फोन कराल तेव्हा "काहीतरी झालंय" एवढंच सांगू नका. पंपाचा आवाज येतो का, कुठला दिवा लुकलुकतो, पेट्रोल किती आहे, हे सांगा. पेट्रोलचं मात्र काटा बघून सांगा, आठवून नको.